दारू आणि लग्नं? एवढंच?

बोंडअळी
'निवृत्त रोखपाल' यांनी काल लिहिलं, "शेतकरी आत्महत्यांचं मूळ कर्जात नाही, दारूत आणि लग्नाच्या बडेजावात आहे." गाठोडं बांधून मोकळे! तिथंच उत्तर देणार होतो, लांबलं, म्हणून हा धागा.

मी यवतमाळचा. पाच एकर कोरडवाहू, कपाशी-तूर. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, दोन्ही वेळचं बी कृषी केंद्रातून उधारीवर. बँकेचं जुनं थकलेलं म्हणून नवं मिळत नाही, मग सावकार. सवाईने, नाहीतर दिडीने, म्हणजे शंभराचे सव्वाशे, नाहीतर दीडशे. २०१७ साली गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली. बीटी बियाणं घेतलं होतं ते अळी येऊ नये म्हणूनच. त्यानंतर माणूस संध्याकाळी प्यायला लागला, तर तुम्हाला तेवढी संध्याकाळ दिसते. दर १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात, १९८६ साली आत्महत्या केलेल्या आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या करपे कुटुंबासाठी. तेही बडेजावाने गेले म्हणायचं का?

निवृत्त रोखपाल
चिडू नका. ३१ वर्षं ग्रामीण शाखांत काढलीत. पीककर्ज उचलून थेट मंडपवाल्याच्या हातात दिलेलं पाहिलंय. २००८ ला माफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. आत्महत्या थांबल्या? मग कर्ज हे कारण कसं?

उन्हाळी कांदा
मुद्दा भावाचा आहे हो. भाव चढला की निर्यातबंदी (डिसेंबर २०२३ विसरलात?), पडला की कुणी फिरकत नाही. आधी खिसा कापायचा, मग त्यातलेच दहा रुपये माफी म्हणून परत द्यायचे. वर साठ्यावर बंधनं घालणारा १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा मानगुटीवर आहेच.

बोंडअळी
आला कांदा! नाशिककर, एक धागा तरी सोडा.

माहेरवाशीण
लग्नाचं निघालंय म्हणून बोलते. बाबा गेले त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. पंचनाम्याला आलेल्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला, "प्यायचे का?" दुसरा, "पोरीच्या लग्नाचं टेन्शन होतं का?" बँकेचं खातं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, बाबांनी गावातल्या सावकाराकडून पैसे आणले होते. त्याला ना परवाना, ना कागद. प्रकरण 'अपात्र'. आत्महत्येनंतरची सरकारी एक लाखाची मदत, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, तीही नाही. माझं लग्न पुढे सामुदायिक मेळाव्यात झालं. बडेजाव म्हणजे एक पातळ आणि पाच भांडी.

सात एकर ओलित
ताई, राग नका मानू, पण तुमचा नवरा काय करते? नोकरीच न? माह्यं वय ३४. विहीर हाय, सात एकर ओलित हाय, तरी पोरगी भेटत नाही. शेतकरी बापच म्हणते, शिपाई चालन पण शेतकरी नको.

माहेरवाशीण
हो, नोकरीवाला! आईने नाही, मीच सांगितलं तसं. ज्या घरातून बाबांना उचलून नेलं तसल्याच घरात पुन्हा जाऊ? आणि गेले असते तर सातबाऱ्यावर माझं नाव लावलं असतं कुणी? बाई जन्मभर निंदण-वेचणी करते, मेली की कागदावर 'गृहिणी'. तुमच्या शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांत ती येतच नाही.

सात एकर ओलित
नाव लावतो न. आंधी पोरगी तं द्या कोनी.

माहेरवाशीण
दात काढू नका. मी माझ्या बापाबद्दल बोलतेय.

उन्हाळी कांदा
कापसाला भाव द्या, पोरी आपोआप मिळतील.

माहेरवाशीण
पोरी काय बाजार समितीत मिळतात?

निवृत्त रोखपाल
ताई, एक सांगतो. चौकशीत बँकेचा दाखला मागतात, तसे दाखले मीही दिलेत. नवं-जुनं करायला आणलेला पैसा कुणाचा, हे काउंटरवर आम्हाला कळायचं. खातं भरलेलं, म्हणून 'थकबाकी निरंक' लिहायचो. नियमाने बरोबरच होतं ते. दारूचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

बोंडअळी
नका सोडू. निरंक तुम्हीच लिहायचं आणि वर विचारायचं, कर्ज हे कारण कसं. झकास.

सात एकर ओलित
ताई, दात नव्हतो काढत. माह्या मायचंबी नाव नाही सातबाऱ्यावर. आत्ता पाह्यलं.