'जीवाश्म' आणि 'अश्मीभवन': एकाच अर्थाचे शब्द?

प्रश्न: जीवाश्म म्हणजे 'दगड झालेला जीव' असा अर्थ वाचला. मग झाडाच्या राळेत अडकलेल्या किड्याला जीवाश्म का म्हणतात? तो कुठे दगड झालेला असतो?

उत्तर: शंका रास्त आहे. जीवाश्मासाठीच्या इंग्रजी 'फॉसिल' या शब्दाचं लॅटिन मूळ नुसतं 'खणून काढलेलं' एवढंच सांगतं. १५४६ साली जर्मन खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोलाने त्यात खनिजं, रत्नं सगळंच धरलं होतं. पुढे अर्थ आटत जाऊन फक्त पूर्वीच्या जीवांच्या अवशेषांपुरता उरला. दगडाची अट त्या शब्दात नव्हतीच, ती आपल्या 'अश्म'मधून आली. म्हणून राळेतला किडा, बर्फात गोठलेला मॅमथ (हत्तीचा नामशेष झालेला केसाळ नातलग), चिखलात उमटून घट्ट झालेलं पाऊल, हे सगळे जीवाश्मच.

'अश्मीभवन' मात्र जपून वापरावा. बाष्पीभवन, घनीभवन यांच्याच घडणीचा हा शब्द: जे नव्हतं ते होणं. पण बाष्पीभवनात पाणीच वाफ होतं, इथे लाकूड स्वतः दगड होत नाही. झाड गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली पटकन गाडलं जातं, हवा तुटते, कुजणं मंदावतं. भूजलात विरघळलेली सिलिका (वाळूत असतं तेच द्रव्य) पेशींच्या पोकळ्यांत शिरते, आतून भिंतींना धरते आणि पोकळ्या भरून टाकते. मूळ द्रव्य बहुतेक निघून जातं, कधी थोडं मागे उरतं. अशा लाकडाचा घासून गुळगुळीत केलेला काप भिंगाखाली धरून बघा. वाढीची वलयं दिसतात, चांगल्या नमुन्यात पेशींच्या रांगाही मोजता येतात. लोहाच्या अंशाने त्यावर तांबडी-पिवळी झाक असते. हाताला मात्र दगडाचा गारवा आणि दगडाचंच वजन.

इथे मला 'ऊती' हा शब्द फार आवडतो. पेशींच्या समूहाला आपण ऊती म्हणतो आणि संस्कृतात त्याचा अर्थ विणणं. अश्मीभवनात नेमकं हेच घडतं, सूत बदलतं आणि वीण राहते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींची श्वासरंध्रंसुद्धा अशी टिकली आहेत.

प्रश्न: आणि खडकात नुसता शंखाचा आकार दिसला तर? तो ठसा म्हणायचा का?

उत्तर: ठसा म्हटलं तर चूक नाही, पण थोडा फरक करता येतो. शंख विरघळून गेला आणि त्याच्या आकाराची पोकळी राहिली, तर 'साचा'. त्या पोकळीत गाळ किंवा खनिज भरून कडक झालं, तर 'ओतीव'. पानाचं काहीसं वेगळं असतं. दाबाखाली त्यातले बाकीचे घटक निघून जातात आणि कार्बनचा काळा पापुद्रा उरतो. त्याला 'अश्मीभूत पान' लिहिलेलं दिसतं, ते मी 'पानाचा जीवाश्म' असं दुरुस्त करते. मॅमथलाही 'अश्मीभूत' म्हणू नये, त्याच्या अंगावर अजून केस आहेत.