दोडामार्गात रबर-अननसासाठी डोंगर मोकळे होतायत, याला शेती म्हणायचं का?

रानवाट
मे महिन्यात सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूला मामाकडे गेलेलो. लहानपणी ज्या डोंगरावर करवंदं काढायला जायचो तो आख्खा उघडा, जेसीबीने पायऱ्या पाडल्यात आणि वरपर्यंत अननस, मधे मधे रबराची रोपं. कोर्टाने २०१३ ला सावंतवाडी-दोडामार्गात झाडतोडीवर बंदी घातली, २०२० ला तिलारीचं २९.५३ चौ.किमी. जंगल संवर्धन राखीव झालं, मार्च २०२४ ला हायकोर्टाने २५ गावं इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) जाहीर करा सांगितलं, आणि तरी हे दिसतं. माझ्या मते ही शेती नाहीच, जंगलतोड आहे, पीक लावलं म्हणून ती वेगळी होत नाही.

काजूबाग_सावंतवाडी
जमीन कोणाची ते आधी बघा. इथलं बरंचसं जंगल मालकीचं आहे, सरकारचं नाही. त्या जंगलातून मालकाला वर्षाला काय मिळतं? काही नाही. अननस दीड वर्षात पैसे देतो, रबराचा चीक सातव्या वर्षापासून. केरळचा माणूस येतो, भाडेपट्ट्याने जमीन घेतो, रोख देतो. घरात म्हातारी माणसं, पोरं गोव्याला नाहीतर मुंबईला, नको कोण म्हणणार? आणि काजू तरी इथला कुठे, ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. माझ्या वडिलांनी रान तोडूनच वेंगुर्ला-४ जातीचा काजू लावला, त्यावर आम्ही शिकलो. तेव्हा ती जंगलतोड नव्हती का?

रानवाट
होती. पण तुमच्या वडिलांनी थोडं थोडं रान काढलं असणार, कडेचे फणस, किंजळ ठेवले असणार. जेसीबी लावून अख्खा डोंगर एका पावसाळ्याच्या आत साफ करणं वेगळं.

व्हाळाकाठी
मी तिथेच राहते म्हणून लिहिते. आमच्या वरच्या अंगाला चार वर्षांपूर्वी अननस झाला. पहिल्याच पावसात लाल माती व्हाळात (ओढ्यात) आली, आता फेब्रुवारीतच व्हाळ आटतो, पूर्वी एप्रिलपर्यंत पाणी असायचं. अननस सरळ उताराच्या दिशेने लावलाय, माती धरायला खाली पाचोळाच नाही. हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आले, ते आता माडाच्या बागांत येतात, कवाथे (लहान माड) मोडून टाकतात, रानात त्यांना खायला काय उरलंय? पण बंदीचं मला पटत नाही. घरावर झुकलेला फणस तोडायला आम्हाला हेलपाटे आणि डोंगर साफ करणारा रात्रीत काम उरकतो. १९६४ च्या झाडतोड कायद्यात दंड वर्षानुवर्षं हजार रुपयांपर्यंतच होता, त्याचा धाक कोणाला होता?

कोकणी_दूरदेशी
कोस्टा रिकात १९९७ पासून खासगी जंगल राखणाऱ्या मालकाला सरकार दर हेक्टरी पैसे देतं, त्यातला मोठा भाग इंधनावरच्या करातून येतो. तिथेही आधी कुरणं आणि शेतीसाठी जंगल भराभर गेलं होतं. व्हाळाचं पाणी खालच्या गावाने वापरायचं आणि वरचं जंगल मालकाने फुकट राखायचं, हे किती दिवस चालणार?

काजूबाग_सावंतवाडी
पटतंय, पण पैसे द्यायचे कोणाला? आमचा सातबारा सामायिक, ४२ नावं, त्यातली निम्मी माणसं कुठे आहेत ते आम्हालाच माहीत नाही. काही मिळणार म्हटलं तर वाटपावरूनच भांडणं. एजंट मात्र दोन-चार जणांच्या सह्या घेतो आणि मोकळा होतो.

व्हाळाकाठी
मग निदान व्हाळाच्या उगमावरचं तरी नका देऊ कोणाला.

काजूबाग_सावंतवाडी
उगमावरचं पाच एकर अजून दिलेलं नाही. चुलत्यांचा आग्रह आहे, एजंटचा काल परत फोन होता. खरं सांगायचं तर यंदा काजूला मोहोर कमी आला आणि घरात बहिणीचं लग्न आहे, मी त्याला दिवाळीनंतर बोलतो म्हटलंय.