पंप का कॅप्सूल? दम्याचं यंत्र ठरवायचं कुणी?

कृष्णाकाठ, सांगली
थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडं दम्याच्या पेशंटला औषधाचं नाव पाठ असतं, डबीचा रंगही पाठ असतो. पण औषध ज्यातून ओढायचं ते यंत्र त्याला झेपतंय का, हे कुणी बघत नाही. माझं म्हणणं असं की यंत्र पेशंटचा श्वास आणि हात बघून ठरवावं. आणि एकदा ठरलं की काउंटरवर "हे संपलंय, ते न्या, एकच आहे" हा प्रकार बंद व्हावा.

एकच नसतं ते. पंपात गॅस असतो, दाबला की औषध जोरात सुटतं. म्हणून श्वास सावकाश, लांब ओढायचा आणि दाबणं नि ओढणं एका वेळी साधायचं. कॅप्सूलच्या यंत्रात गॅस नाही. आत उघडलेल्या कॅप्सूलमधली पावडर उडते ती ओढणाऱ्याच्या ताकदीवर, तिथं सुरुवातीपासून जोरात ओढावं लागतं. पंपाची सवय असलेला माणूस कॅप्सूलही हळूच ओढतो, पावडर यंत्रातच राहते. कॅप्सूलवाला पंपावर आला की हिसका मारतो, औषध टाळ्यावर आपटतं. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण छातीत पोचतात, जाड कण तोंडात नि घशात. मग "औषध लागू पडेना", मग डोस वाढवा.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. विडी-काडीला कधी शिवल्या नाहीत, पण जन्म चुलीपुढं गेला. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळत जाणारा आजार. (पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की विडी-सिगरेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा.) काकूंना कॅप्सूलचं यंत्र दिलेलं. संधिवातानं बोटं वाकलेली, यंत्र अर्धवटच फिरायचं, कॅप्सूल उघडायचीच नाही. काकू रोज नेमानं रिकामी हवा ओढायच्या! औषधाच्या कागदावर सगळं बरोबर लिहिलेलं होतं.

हळदवाला, हरिपूर
साहेब, श्वास आणि हात बघा म्हणताय, खिसा कोण बघणार? हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी उभं राहणारा माणूस बघितलाय का? संध्याकाळी पापण्यासुद्धा पिवळ्या असतात. त्याला पंप अधिक स्पेसर (पंपाला लावायची ती प्लॅस्टिकची पोकळ नळी) लिहून दिला तर पहिला महिना घेतो, दुसऱ्या महिन्यात बंद. कॅप्सूल स्वस्त पडते म्हणून वर्षभर घेतो तरी. मला विचाराल तर निम्मं औषध छातीत गेलेलं परवडलं, दुकानातच राहिलेलं शंभर टक्के औषध काय कामाचं?

मेडिकलवाला, कराड
दुकानदाराला झोडपलं की धागा चांगला चालतो, चालू दे. पण नवी बंदी कशाची मागताय? शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं; त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं द्यायचं नाही, हा नियम आधीपासून आहे. पाळला जात नाही, हे मान्य. मात्र माझ्या काउंटरवर येणारे निम्म्याहून जास्त लोक चिठ्ठी आणतच नाहीत. रिकामा पंप समोर आपटायचा आणि "निळा द्या" म्हणायचं. त्याला मी श्वास कसा ओढतोस विचारू?

आणि यंत्राचं भांडण नंतर करा हो, आधी हा निळा बघा. त्यातला सालब्युटामॉल श्वासनळ्या तात्पुरत्या मोकळ्या करतो, आतली सूज तशीच. 'जिना' ही दम्याची जागतिक मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था २०१९ पासून सांगतेय की मोठ्या माणसांना नि किशोरांना नुसत्या अशा औषधावर ठेवू नका, सूज उतरवणारं श्वासातलं स्टेरॉइड सोबत हवंच. इथं लोक वर्षानुवर्षं निळ्यावर आहेत. तंत्र अगदी झकास, औषध मात्र अपुरं. त्याला कुठलं यंत्र वाचवणार?

जावळीकर
आमच्याकडं मेढ्याच्या वर पावसाळ्यात मीठ पाझरतं, पापड वातड होतात, तिथं पावडरची काय कथा. कॅप्सूल दोन तास आधी काढून ठेवली तर ओलसर होऊन बसते. आषाढ-श्रावणात पंपच बरा. खालच्या लोकांनी खुशाल कॅप्सूल घ्यावी.

गुरुजी (निवृत्त), तासगाव
सगळं वाचलं. आमच्या पिढीत एक समज होता आणि तो उगाच नव्हता: पंप लागला की सुटत नाही. म्हणून लोक मृगाला हैदराबादला मासा गिळायला जायचे, कोजागरीला खिरीतून औषध घ्यायचे. त्या औषधांचं समर्थन मी करत नाही. पण गोळी घेऊन भागत असेल तर तोंडाला यंत्र कशाला? बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या दिवसांत मला त्रास होतो, दोन-चार दिवस गोळी घेतली की मोकळं वाटतं. चारचौघांत पंप काढायला मुली तर लाजतात. लग्न जुळवताना लपवावा लागतो, हेही लिहा कुणीतरी.

वॉर्डातली ताई, मिरज
गुरुजी, लग्नाचं तुम्ही खरं बोललात, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. गोळीचं मात्र पटलं नाही. सालब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ४० फवारे. ती आधी पोटात जाते, मग रक्तात, मग सगळ्या अंगात. हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्यामुळंच. स्टेरॉइडचंही तेच. अटॅक आला की प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं, पंपातल्या एका फवाऱ्यात बुडेसोनाइड हे स्टेरॉइड १०० नाहीतर २०० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, सरळ भागाकार करू नका, पण फरक किती ते कळेल. गंधकाचा धूर दम्याच्या माणसाला लगेच आवळतो. धुरीच्या दिवसांत शेडपासून लांब राहा, आणि ती गोळी नेमकी कसली आहे ते डॉक्टरांना दाखवा. सुट्या पुडीतून मिळत असेल तर आधी दाखवा, अशा पुड्यांत स्टेरॉइड निघतं.

आता धागाकर्ते दादा, तुमचंही अर्धंच पटलं. "एकदा ठरलं की बदलायचं नाही" हे चालत नाही. दम्यात श्वासाची ताकद आज एक, उद्या एक. एरवी कॅप्सूल उत्तम ओढणारा पोरगा अटॅकमध्ये ओढूच शकत नाही, तिथं पंपाला स्पेसर लावूनच द्यावं लागतं. सीओपीडीत वर्षागणिक जोर कमी होतो. दर फेरीला पेशंटनं आपलं यंत्र सोबत आणावं आणि आमच्यापुढं ओढून दाखवावं. तुम्ही म्हणता तसं काउंटरवर परस्पर बदलू नये, हे शंभर टक्के. आणखी एक, सकाळचं औषध कॅप्सूलमधून आणि अडीनडीचं पंपातून, असं शक्यतो नको. दोन तऱ्हेचे श्वास एका माणसाच्या लक्षात राहत नाहीत.

मुळात दमा का सीओपीडी हेच तपासलेलं नसतं! स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकलेली हवा मोजायच्या तपासणीत, फुंकायला लावतात, औषध देऊन परत फुंकायला लावतात. फुंकलेल्या हवेत १२ टक्के आणि २०० मिली एवढी सुधारणा दिसली तर नळ्या मोकळ्या होतायत, कल दम्याकडं. दम्यात स्टेरॉइड पाया आहे. सीओपीडीत ते सगळ्यांना लागत नाही, उलट न्यूमोनियाची शक्यता थोडी वाढते. तिथं टायोट्रोपियमसारखी नळ्या मोकळ्या ठेवणारी औषधं आधी.

कृष्णाकाठ, सांगली
ताई, अडीनडीचा मुद्दा मान्य. बदल डॉक्टरनं ओढून बघून केला तर माझा विरोध नाही. हळदवाले दादा, तुमचं गणित मात्र चुकतंय. छातीत न गेलेली कॅप्सूल स्वस्त कशी? तो माणूस शेवटी रात्री सलाइन लावायला जातो, तो खर्च कुणाच्या वहीत धरायचा? बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टेरॉइड अधिक नळ्या मोकळ्या करणारं औषध) आणि टायोट्रोपियम दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, सरकार किमतीची कमाल मर्यादा ठरवतं. जन औषधीत एकदा विचारून तरी बघा.

हळदवाला, हरिपूर
विचारलंय. एकदा असतं, तीनदा नसतं. आणि नसलं की परत तेच, "हे नाही, ते न्या". म्हणजे फिरून तुमच्याच तक्रारीवर आलो की नाही? ताईंचं ऐकून आमच्या एका हमालाला यंत्र घेऊन डॉक्टरपुढं बसवतो, ते खरं. पण स्पेसर त्यानं ठेवायचा कुठं? डोक्यावर पोतं असतं.

वॉर्डातली ताई, मिरज
स्पेसर घरी राहू दे, सकाळ-संध्याकाळचं औषध घरीच असतं. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं. खिशात पंप एकटा चालेल, पण दाबणं-ओढणं जमतंय का हे बघूनच. अटॅकसाठी घरच्यांना स्पेसर लावायला शिकवून ठेवा. आणि धुतल्यावर फडक्यानं पुसू नका. साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा. पुसला की प्लॅस्टिक औषध ओढून धरतं, भिंतीलाच चिकटतं.

जावळीकर
आमच्याकडं पावसाळ्यात वाळतच नाही काही. दोन स्पेसर घ्यायचे का?

मेडिकलवाला, कराड
घ्या. आणि पंप संपला का ते पाण्यात तरंगवून बघणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी: त्यावरून काही कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता गॅस सुटत राहतो. आकडा दाखवणारा पंप मिळतो, तो मागा. नसेल तर पहिल्या दिवशी डबीवर तारीख घाला. गुरुजी, तुमच्या त्या गोळीचं नाव कळवा जरा.