जुनी छापील व्यंगचित्रं आणि आजची मीम: कोणती सत्ता हलली म्हणे?

सूरसागर
काल इथे कुणीतरी लिहिलं की इंग्लंडचे हॉगार्थ, गिलरे आणि फ्रान्सचा दोमिये या जुन्या चित्रकारांनी छापील व्यंगचित्रांनी सत्ता हलवली आणि आजची मीम ही त्यांचीच नातवंडं. खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं. कोणती सत्ता हलली, सांगा ना! इंग्लंडचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापून घेताहेत, ते गिलरेचं 1805 सालचं चित्र सगळे नाचवतात. पण 1797 पासून त्याला सरकारपक्षाकडून वर्षाला 200 पौंड मिळत होते, ते कुणी बोलत नाही. त्यांच्याच क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने तर 1820 मध्ये 100 पौंड घेतले, राजाला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही या बोलीवर. जिन दारूने उद्ध्वस्त झालेली गल्ली दाखवणाऱ्या हॉगार्थच्या 'जिन लेन'च्याच साली, 1751 ला, जिनवर कायदा आला म्हणून श्रेय चित्राला! अहो, कायदा आधीच शिजत होता, याने फोडणी घातली. प्रत एक शिलिंगाला. गल्लीतला जिनबाज ती विकत घेणार होता का?

राजमहाल रोडकर
सूरसागर, तुमचं नेहमीचंच. इंग्रज विकले गेले म्हणून व्यंगचित्रकारांची अख्खी जात विकाऊ? दोमियेला सोयीने गाळलंत. 1831 चं 'गार्गांतुआ' नीट बघा: फ्रान्सचा राजा लुई-फिलिप बसलाय, गरीब लोक फळीवरून चढून त्याच्या तोंडात नाण्यांच्या टोपल्या ओतताहेत, आणि खालून काय बाहेर पडतंय? सनदा आणि पदकं! त्यापायी 1832 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा. 1834 मध्ये पॅरिसच्या त्रान्स्नोनें रस्त्यावर सैनिकांनी घरात घुसून माणसं मारली. दोमियेने काढलं काय, तर पलंगाशी कोसळलेला, नुसत्या सदऱ्यातला बाप आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेलं पोर. पोलिसांनी प्रतींबरोबर छपाईचा दगडही उचलून नेला. 1835 पासून चित्राला छापण्याआधी परवानगी लागायची, मजकुराला नाही. सरकार खुळं होतं का?

सूरसागर
खुळं नव्हतंच. म्हणून तर लुई-फिलिप 1848 पर्यंत आरामात बसला. आणि तुमचा दोमिये 1835 नंतर वकील-घरमालकांची टवाळी करत बसला. (वकील मात्र झकास काढलेत, तेवढं देऊन टाकतो.)

शिळाप्रेस
दोघेही चित्रकारांवरून भांडताय. चाक फिरवणाऱ्याचं काय? माझ्या आजोबांचा रावपुऱ्यात शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापायचा लिथो छापखाना होता. दगड वाळू घालून घासायचा, तेलकट खडूने सगळं उलटं काढायचं, डिंक आणि जरासं आम्ल फिरवायचं, मग पाण्याचा हात मारून शाईचा रूळ. शाई फक्त तेलकट रेघ धरते. एक अक्षर उलटं काढायला विसरलात की सगळा दगड पुन्हा घासा. आजोबांची बोटं कायम काळी. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, जाहिराती छापल्या, नाव कशावरच नाही. रवि वर्म्यांना चित्रं छापून घ्या म्हणून सुचवणारे आपल्या बडोद्याचेच दिवाण टी. माधवराव, 1894 मध्ये वर्म्यांचा मुंबईत छापखानाही निघाला. घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. त्या घासणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा. आमचा एक दगड अजून परसात आहे, त्यावर कपडे धुतो.

फाइन आर्ट्सवाली
लिथोच्या दगडावर कपडे?? काका, लाज वाटत नाही? तो बव्हेरियाचा चुनखडी दगड असणार. शिकताना आम्ही एकेका दगडासाठी वाट बघायचो.

शिळाप्रेस
लाज कसली? छापखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्याशिवाय कुणी फिरकलं नाही. दगड माझा, कपडे माझे.

राजमहाल रोडकर
धागा व्यंगचित्रांचा आहे, धोबीघाटाचा नाही. कृपा करा.

फाइन आर्ट्सवाली
धागा यात आहे, तुम्हाला दिसत नाहीये. स्पेनच्या गोया या चित्रकाराने 1799 मध्ये 80 चित्रांचा 'काप्रिचोस' संच माद्रिदमध्ये एका अत्तराच्या दुकानात विकायला ठेवला. पाद्री, उमराव, खोट्या लग्नांचे बाजार, सगळ्यांना झोडपलं. थोड्याच दिवसांत विक्री बंद, 1803 मध्ये ताम्रपट, म्हणजे छपाईचे कोरलेले तांब्याचे पत्रे, राजाकडे. आणि युद्धातल्या क्रौर्याची चित्रं त्याच्या हयातीत बाहेर आलीच नाहीत. तो 1828 मध्ये गेला, संच निघाला 1863 मध्ये. कारण ताम्रपट कुणी कपडे धुवायला नेले नव्हते! बंगालच्या गगनेंद्रनाथ टागोरांनी 1917 मध्ये 'विरूप वज्र' आणि 'अद्भुत लोक' हे व्यंगचित्रांचे संच काढले तेही लिथोवरच, आणि मार आपल्याच वर्गातल्या बाबूंना. कुणाकडून 200 पौंड घेतले नव्हते, सूरसागर.

सूरसागर
वा! म्हणजे सत्ता हलवायची तर आधी मरायचं आणि 35 वर्षं थांबायचं. टागोर मानले, त्यांना पैशांची गरजच नव्हती. पण मीमला नातवंड म्हणायचं असेल तर त्याचा ताम्रपट दाखवा. दोन दिवसांनी ते कुणाच्या फोनमध्ये सापडतं?

राजमहाल रोडकर
पोलिसांना बरोबर सापडतं.

शिळाप्रेस
हे मात्र खरं. आणि ताई, दगड हवाच असेल तर दोन माणसं आणि टेम्पो घेऊन रविवारी या, माझी कंबर धरलीये, मी उचलणार नाही. अट एकच. पहिल्या छापावर आजोबांचं नाव हवं.

फाइन आर्ट्सवाली
टाकते. रविवारपर्यंत त्यावर साबण लावू नका.

शिळाप्रेस
शनिवारी चादरी आहेत. बघतो.