अनुभव धागा: ऐकताना आत काय चालू असतं?

आमचा दहा-बाराजणांचा गट कर्वेनगरात एका सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी सातला जमतो. वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग बोलायचं. गुरू नाही, फी नाही, चहाचे पैसे तेवढे काढतो. बोलण्याची रीत डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाची: विषय ठरलेला नसतो, निर्णय काढायचा नसतो आणि आपलं मत जरा खुंटीला टांगून ठेवायचं. जे. कृष्णमूर्तींशी वर्षानुवर्षं चर्चा केलेले, तेच हे बोम. गेले तीन रविवार गाडी आपोआप भीतीवर येतेय. तुम्ही कधी असं बसला असाल तर लिहा. प्रवचन नको, घडलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. एक काकू मुलाच्या सुटलेल्या नोकरीबद्दल सांगत होत्या. दुसऱ्या वाक्यालाच माझा सल्ला तयार झाला, मग पुढचं कानात शिरलंच नाही. त्या थांबल्या तशी मी सुरू झाले. त्यांनी पाणी मागितलं होतं.

जुना पेठकर
याच गटातला मी. वय ७२. मागच्या महिन्यात सगळे गप्प असताना गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. नुसता पाण्याचा आवाज, पण माझे हात गार पडले, पोटात गोळा आला. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी सात वर्षांचा, नारायण पेठेत. पळालो त्यातलं फारसं आठवत नाही. परत आलो ते मात्र लख्ख दिसतं: घरात गुडघाभर गाळ, आणि तांदूळ फुगून डब्याचं झाकण उडालेलं. आई त्या डब्याकडे बघून रडली, पडलेल्या भिंतीकडे बघून नाही. हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. घरी तोंड उघडलं की "अहो, किती वर्षं झाली त्याला" असंच येतं. इथे कुणी काही बोललं नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगता आलं. भीती गेली का? छे. टाकी वाहिली की अजून मान वळतेच.

गुडघेदुखी
दहा दिवसांची विपश्यना केली. पहिले तीन दिवस फक्त श्वास, पुढे अधिष्ठान, म्हणजे तासभर हलायचं नाही. गुडघा कायमचा जाणार याची धास्ती दुखण्यापेक्षा मोठी होती. घंटा झाली, उठलो, दोन मिनिटांत गुडघा ठणठणीत! दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर शेजारचा म्हणाला, "तुमच्या श्वासाच्या आवाजाने वैताग आणला राव." मी नऊ दिवस त्याच्या खोकल्यावर चिडून होतो.

डेक्कनची चिमणी
मला झोप लागते. बाकी काही नाही.

दाराजवळची
थोडं वेगळं लिहिते. मला पॅनिक अटॅक येतात. दुसऱ्या एका गटात छाती धडधडायला लागली, तर चालवणारे म्हणाले, "पळू नका, नुसतं बघा." बघता बघता श्वासच अडकला. जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा कुठे बरं वाटलं. आता डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. बसते तेव्हा डोळे उघडे ठेवते, खुर्ची दाराजवळ घेते आणि लागलं तर उठते. नव्या लोकांना हे आधीच सांगत जा.

धागाकर्ती
दाराजवळची, येत्या रविवारपासून सुरुवातीलाच सांगू. आणि काका, टाकीचा बॉलकॉक बदलायला प्लंबर शनिवारी येतोय. नको असेल तर कळवा.