एनपीएम ऑडिट शून्य दाखवतंय, तरी पॅकेजमध्ये मालवेअर असू शकतं का?

चादर_कोड, सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डर आणि जीएसटी बिलिंगचं सॉफ्टवेअर नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आहे, तयार कोडची पॅकेजेस एनपीएम या साधनाने आणतो. थेट डिपेन्डन्सी (आम्ही स्वतः घेतलेली पॅकेजेस) 23, पण ती आणि त्यांना लागणारी पॅकेजेस जिथे उतरतात त्या नोड मॉड्यूल्समध्ये आठशेच्या वर फोल्डर. ज्या पीसीवर बिल्ड होतं, त्याच्याच एन्व्ही फाइलमध्ये (गुप्त सेटिंग ठेवायची फाइल) ई-वे बिलाचं लॉगिन आणि बँकेची एपीआय की आहे. पॅकेजमधले धोके शोधणारी एनपीएम ऑडिट कमांड चालवली की स्वच्छ येतं. तेवढ्यावर भागेल का?

लॉकफाइल
नाही भागणार. ऑडिट फक्त जाहीर झालेल्या धोक्यांच्या यादीशी ताडून बघतं. ऑक्टोबर 2021 मध्ये यूए-पार्सर-जेएस या पॅकेजच्या मेन्टेनरचं (ते सांभाळणाऱ्याचं) खातं बळकावून 0.7.29, 0.8.0 आणि 1.0.0 ही व्हर्जन चढवली गेली, आत क्रिप्टो मायनर आणि पासवर्डचोर. ती पकडली जाईपर्यंत ज्यांनी इन्स्टॉल केलं, त्यांना ऑडिट काय सांगणार?

पॅकेज-लॉक फाइल (कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन याची नोंद) उघडा आणि ‘हॅजइन्स्टॉलस्क्रिप्ट’ शोधा, म्हणजे इन्स्टॉल होतानाच आपोआप स्क्रिप्ट चालवणारी पॅकेजेस. आठशेतली मोजकीच निघतील. ईएसबिल्ड, बीक्रिप्ट, शार्प यांना स्क्रिप्ट असणं साहजिक. तारखा किंवा रंग सांभाळणाऱ्या पॅकेजला ती कशाला हवी? मग एनपीएमआरसी या सेटिंग फाइलमध्ये इग्नोर-स्क्रिप्ट्स ट्रू करा, म्हणजे स्क्रिप्ट चालणार नाहीत, आणि गरजेच्या पॅकेजपुरत्या त्या चालवायला एनपीएम रीबिल्ड वापरा. त्या कमांडला इग्नोर-स्क्रिप्ट्स फॉल्स द्यायला विसरू नका, नाहीतर रीबिल्डही मुकाट्याने काही न करता संपतं. तुमच्या स्वतःच्या प्रीबिल्ड, पोस्टबिल्ड (बिल्डच्या आधी-नंतर चालणाऱ्या) स्क्रिप्टही यात गळतात, त्या मुख्य बिल्ड कमांडमध्येच जोडा.

पार्क_चौक
लॉकफाइल म्हणतात ते बरोबर, पण अर्धंच. सप्टेंबर 2025 मध्ये चॉक आणि डीबग ही पॅकेजेस बाधित झाली, तेव्हा इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच. कोड मुख्य फाइलमध्ये होता, ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टो वॉलेटचा पत्ता बदलायचा. मेन्टेनरला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल गेला होता, एवढ्यावरून सगळं झालं.

अशी व्हर्जन बहुधा काही तासांत उतरवली जातात, म्हणून उशीर करणं हाच स्वस्त उपाय. पीएनपीएम (एनपीएमऐवजी वापरता येणारं साधन) 10.16 पासून मिनिममरिलीजएज सेटिंग आहे, म्हणजे व्हर्जन तेवढं जुनं होईपर्यंत घेतलं जात नाही, आकडा मिनिटांत: 7 दिवसांसाठी 10080. तातडीचा सुरक्षा पॅच असेल तेव्हा त्या पॅकेजपुरती सूट देता येते. एनपीएमच वापरणार असाल तर पॅकेज-लॉक फाइल गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर एनपीएम सीआयच वापरा, ती कमांड फाइलीतलीच व्हर्जन बसवते. ती फाइल नसली की ‘याहून नवंही चालेल’ सांगणाऱ्या कॅरेट (^) चिन्हामुळे रात्रीत आलेलं नवं व्हर्जन सरळ आत येतं बघा.

 

लॉकफाइल
बाधित पॅकेजचं नाव कळलं तर एनपीएम एलएस ही कमांड आणि पुढे ते नाव: कुणाच्या पोटातून आलं ते दिसेल. नोड मॉड्यूल्स पुसून उपयोग नाही, स्क्रिप्ट चालून गेलेली असते. आधी नेटची वायर काढा, मग दुसऱ्या मशीनवरून एनपीएम आणि गिटहबचे टोकन, बँकेची की, ई-वे बिलाचा पासवर्ड बदला. गिटहब खात्यात अनोळखी रेपो किंवा वर्कफ्लो दिसतो का तेही बघा. 2025 च्या शाय-हुलुद वर्मने (आपोआप पसरणारं मालवेअर) चोरलेल्या किल्ल्या पीडितांच्याच खात्यात सार्वजनिक रेपो काढून टाकल्या होत्या. त्यानंतर पीसी फॉरमॅट.

आणि बँकेची की बिल्डच्या पीसीवर हवीच कशाला? बिल्डला ती लागत नाही. आजच हलवा.