जंगलासाठी आखूड नळीची .४४ मॅग्नम: मदत हवी आहे

अस्वलांच्या जंगलात पायी फिरताना जवळ ठेवायला रिव्हॉल्व्हर निवडायचंय. पाठीवर सॅक असते, म्हणून होल्स्टर छातीवर. नळी ३ इंचांच्या आत हवी. .४५४ कॅसुल (.४४ मॅग्नमहून जोरदार काडतूस) नको, झटक्यामुळे दुसरी गोळी नेमावर आणायला फार वेळ जातो. परवान्याचे नियम बघून झालेत.

उरले दोन पर्याय. रुगर सुपर रेडहॉक अलास्कन: अडीच इंच, ६ गोळ्या, पावणेतेराशे ग्रॅमच्या आसपास. स्मिथ अँड वेसन मॉडेल ६९: पावणेतीन इंच, ५ गोळ्या, किलोच्या आत. दोन्ही झाडून पाहिल्या. २४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसाला ६९ हाताला झोंबते, पण चालते. ३०० ग्रेन हार्डकास्टला (कडक शिशाची ओतीव गोळी) मात्र चार झाडून पाचवं काडतूस कॅलिपरने मोजलं, तर लांबी वाढलेली. झटक्याने गोळी काडतुसाच्या केसमधून (धातूच्या नळकांड्यातून) पुढे सरकते. आणखी सरकली की टोक सिलिंडरबाहेर येऊन नळीच्या मागच्या कडेला अडणार आणि सिलिंडर फिरणारच नाही. अलास्कनमध्ये हे झालं नाही, पण दिवसभर छातीवर ते धूड!

काडतुसं तयारच घेतो, त्यामुळे क्रिंप (गोळीभोवती आवळलेलं केसचं तोंड) घट्ट करा हा सल्ला माझ्या कामाचा नाही. ६९ मध्ये गोळी जागची न हलणारं, २४० ते २७० ग्रेनचं तयार हार्डकास्ट काडतूस कुणी मोजून पाहिलंय का? की मुकाट्याने अलास्कनच घ्यावी?